मदत हवी आहे: बेंच प्रेस ६० किलोवर अडकलाय, पावडरचा डबा घेऊ का?

अडकलेला_साठवर:
दिवाळीपासून बेंच (आडवं पडून छातीवरून रॉड वर ढकलायचा) ६० च्या वर जातच नाहीये. आधी महिन्याला पाच किलो वाढत होतं, आता ६० चे पाच कसेबसे मारतो आणि ६५ लावलं की एकपण उठत नाही, छातीवरच बसतं, दोनदा शेजारच्याने येऊन उचललं, लाज वाटली. माझ्यानंतर दोन महिन्यांनी आलेला पोरगा ७५ मारतोय. ट्रेनर म्हणतो त्याच्याकडचा डबा घे, साडेचार हजारांचा. घेऊ का? लवकर सांगा, उद्या पैसे द्यायचेत.

खोबरेल:
वय, वजन, आठवड्यातून किती दिवस, खाणं काय? डबा कसला ते पण नाही सांगितलंस. आणि ६० म्हणजे रॉडचं वजन धरून की सोडून?

तालमीतला_गडी:
डबाबिबा काय नको. आमच्या कोल्हापुरात पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारत्यात, वर बदामाची थंडाई आणि म्हशीचं दूध. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते काय डबा खाऊन?

खोबरेल:
दादा, जोरांनी दम वाढतो, मान्य. पण ६५ चा रॉड उठायला त्याच्या आसपासचा रॉडच उचलत राहावं लागतं. आणि पैलवान दुपारी जेवून ताणून देतात ते पण सांगा की. निम्मी ताकद त्या झोपेत आहे.

तालमीतला_गडी:
ते बरोबर हाय. आमचा वस्ताद दुपारी कुणी उंडारताना दिसला की हाणायचा.

अडकलेला_साठवर:
वय २६, वजन ६४. रॉड धरून ६०. रविवार सोडून रोज जातो. खाणं घरचं, व्यवस्थित. डब्यावर मास गेनर लिहिलंय, वजन वाढवायची पावडर. घेऊ की नको एवढंच सांगा ना.

ओव्याचं_पाणी:
रात्री ओवा भिजत घालून सकाळी रिकाम्या पोटी ते पाणी कोमट करून घ्यावे. ह्यांचं पोट चार महिन्यांत बरंच उतरलं.

खोबरेल:
काकू, त्याला पोटच नाहीये.

मटकीवाली:
"घरचं, व्यवस्थित" असं सगळेच म्हणतात, मीपण म्हणायचे, मग एक आठवडा लिहून काढलं तर दिवसाला जेमतेम ४५ ग्रॅम प्रथिनं भरली. ताकद वाढवायची तर वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम धर, म्हणजे तुला शंभरच्या आसपास. एका अंड्यात ६, वाटीभर वरणात ५-६, म्हणजे नुसत्या वरणावर भागणार नाही हे कळलं असेल. मी शाकाहारी, ५० ग्रॅम सोयाबीन वड्या रोज, त्यातच पंचवीस निघतात, कुस्करून कांदा-टोमॅटोत परतल्या की खिम्यासारख्या लागतात. मास गेनरात बरेचदा माल्टोडेक्स्ट्रिनच (स्टार्चपासूनची पावडर) जास्त असतं, त्यापेक्षा जेवणात एक भाकरी वाढव आणि शेंगदाणे खा.

सिक्सपॅक_कधीतरी:
क्रिएटिन घे, ताकदीसाठीची पावडर. मोनोहायड्रेट प्रकारचं, रोज ३ ते ५ ग्रॅम, संपला विषय.

मटकीवाली:
त्याने विचारलंय का?

सिक्सपॅक_कधीतरी:
सोयाबीन तरी कुठे विचारलं होतं? सगळ्यात जास्त अभ्यास झालेली गोष्ट आहे ती. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून, बाकी निरोगी माणसाला काही होत नाही. रक्त तपासलं तर क्रिएटिनीन (किडनीसाठी बघतात तो आकडा) थोडं वर दिसू शकतं, तेव्हा आधीच सांगायचं की चालू आहे म्हणून. आमच्याकडे घरात रडारड झाली होती.

खोबरेल:
मूळ मुद्दा. रोज जातोस म्हणजे बेंच किती वेळा? दोन सेटच्या मध्ये किती थांबतोस? झोप किती? आणि ६० वरून थेट ६५ का?

अडकलेला_साठवर:
बेंच रोजच, तेच वाढवायचंय ना. मध्ये मिनिटभर, मागे रांग असते. रात्रपाळी आहे, सकाळी आल्यावर पाचेक तास झोप होते, समोर बांधकाम चालू आहे. ६५ कारण आमच्या जिममध्ये अडीचच्या खाली प्लेटच नाही.

खोबरेल:
हे आधी लिहायचं ना राजा! अरे रोज मारतोस म्हणजे छातीला सावरायला दिवसच मिळत नाही. आठवड्यातून दोनदाच बेंच, सोमवार-गुरुवार. पहिला आठवडा ५० वर उतर, कितीही हलकं वाटलं तरी. मग ६० चे तीन-तीनचे पाच सेट, मध्ये तीन मिनिटं, रांगेतल्याला म्हणावं तू मार तोवर. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घे आणि बॅगेत टाकून ने, म्हणजे ६२.५ होतं. पाच किलोची उडी तुझ्या वजनाला मोठी आहे. झोपेचं तूच बघ, कानात बोळे, खिडकीला जाड चादर, सात तास तरी.

तालमीतला_गडी:
आणि दूध.

अडकलेला_साठवर:
तीन आठवड्यांनी आलोय. प्लेट घेतल्या, ट्रेनर बघून हसला. काल ६२.५ चे तीन निघाले, चौथ्याला तोच ७५ वाला पोरगा धावत आला. झोप सहापर्यंत ओढलीये. डबा नाही घेतला, पण दोन हजार ॲडव्हान्स तेव्हाच देऊन बसलो होतो, ते परत कसे मागू?

मटकीवाली:
अरे, हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं!

खोबरेल:
त्याला वेगळा धागा काढ.