आजोबा फौजी होते, त्यांच्यावर लिहायचंय पण माहिती कुठून काढू?

बांधावरचा:
मंडळी, मदत हवीये. माझे आजोबा (आम्ही अण्णा म्हणायचो) मागच्या महिन्यात गेले, 81 चे होते. 1963 ला मराठा लाईट इन्फंट्रीत भरती, 1980 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, मग तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात 18 वर्षं बंदूक घेऊन उभे. घरच्यांसाठी त्यांच्यावर चार-पाच पानं छापायचीत, काम माझ्या गळ्यात पडलं आणि लिहायला बसलो तर कळलं की मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. 71 च्या युद्धात जमालपूरकडं (आताच्या बांगलादेशात) होते एवढं बाबा सांगतात. अण्णांना विचारलं की "होतो तिकडं, लई पाणी होतं" म्हणायचे आणि रेडिओ मोठा करायचे. त्यांच्या काळ्या ट्रंकेत चार पदकं, आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा आणि बुटाच्या पॉलिशची सुकलेली डबी सापडली. काका म्हणतात चारही शौर्यपदकं आहेत, तसंच छाप. मला डाऊट आहे.

सुभेदाराची लेक:
आधी काकांना थांबव 😄 आमच्याकडंही हेच झालं होतं, वडलांच्या फोटोखाली कुणीतरी भलतंच छापलं आणि त्यांचे पलटणवाले भेटायला आले तेव्हा मान खाली घालायची वेळ आली. 71 च्या युद्धासाठी संग्राम मेडल मिळालं, पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार. 15 ऑगस्ट 1972 ला जे नोकरीत होते त्यांना स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं पदक. ही शौर्याची नाहीत, सेवेची आहेत, आणि त्यात कमीपणा काय आहे? पदकाच्या कडेवर किंवा मागं बारीक अक्षरात आर्मी नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघ. तोच नंबर आजींच्या फॅमिली पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शनच्या मंजुरीचा कागद) आणि अण्णांच्या डिस्चार्ज बुकात सापडेल. मग नातं दाखवणारे कागद जोडून बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कर. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा लिहायचा ते सांगतात.

घाटमाथा:
जमालपूर म्हणजे बहुतेक 1 मराठा, जंगी पलटण, 1768 सालची. आपल्या ब्रिगेडियरनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हा किस्सा फौजेत अजून सांगतात. 11 डिसेंबरला जमालपूर पडलं. आणि तुझ्या अण्णांचं "लई पाणी" उगाच नाही बरं का, पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या मागं जाऊन बसली होती! पण ते याच पलटणीत होते हे कागदावर दिसेपर्यंत लिहू नकोस. पत्रांवरचा पत्ता बघ, गावाचं नाव नसणार, 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ (म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) असेल. 99 असेल तर बहुधा पूर्वेकडं.

शाईचा डाग:
सगळं बरोबर पण नोकरी 17 वर्षं आणि त्यानंतर घरात 45, त्याचं काय? आणि त्या 17 वर्षांतही वर्षाला जेमतेम दोन महिने सुट्टी, बाकी घर कोण ओढत होतं? आजी आहेत ना? मग रेकॉर्ड ऑफिसच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन बस की.

बांधावरचा:
बसलो काल. शाईचा डाग, तुमचे पाय धरतो.
पदकावर नंबर सापडला, पूर्वी स्टार आहे, संग्राम आहे, 72 चं आहे, चौथं सैन्य सेवा मेडल निघालं, वर पट्टी "हिमालय". शौर्याचं एकही नाही. बेळगावला अर्ज टाकलाय.
आजी म्हणाली युद्ध संपल्याचं रेडिओवर कळलं पण हे आहेत का नाहीत ते कळायला जानेवारी उजाडला. तिला वाचता येत नव्हतं, पोस्टमननं ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवलं. ते गठ्ठ्यात सापडलं, 99 एपीओ, तारीख 20 डिसेंबर 71, म्हणजे ढाक्याच्या शरणागतीनंतर चार दिवसांनी लिहिलंय. युद्धाचा एक शब्द नाही. मी खुशाल आहे, पोरगं चालायला लागलं का, लागलं असलं तर विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकून घे, बास.
ते पोरगं म्हणजे बाबा. त्यांनी काल पहिल्यांदा वाचलं आणि उठून मागच्या दारी गेले.
पहिल्या पानावर तेच पत्र छापतोय. काका रुसलेत.