दाजीपूरच्या रानातले पक्षी : तुमच्या कामी आलेल्या गोष्टी लिहा

राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरच्या रानात, पक्षी बघायला नेमानं जाणाऱ्यांनी इथं लिहावं. यादी कुठंही मिळते. पक्षी नेमका कसा दिसतो आणि का हुकतो, ते सांगा.

*

कोल्हापूर ते दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. पहाटे कोल्हापुरातून निघालं की मोक्याचा पहिला तास रस्त्यातच जातो. मुक्काम आदल्या रात्रीच राधानगरीत किंवा दाजीपुरात असावा.

*

धनेश शोधत हिंडू नका, फळलेलं झाड शोधा. उंबर, नांदरुक, पायर यांच्याखाली ताजी, अर्धवट खाल्लेली फळं पडलेली दिसली की तीस-चाळीस पावलं मागं सरून आडोशाला तासभर बसायचं. मलबारी राखी धनेशाचा आवाज कुणी खदखदून हसावं तसा. याच्या चोचीवर शिंग नसतं, म्हणून नवख्यांना तो धनेश वाटतच नाही.

विणीच्या काळात, उन्हाळ्याच्या आगेमागे, मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. नर फटीतून भरवतो. समोर माणसं उभी राहिली की तो फळ घेऊन लांबच्या फांदीवर खोळंबतो, आणि आत उपास घडतो. ढोली सापडली तर फोटो नको, ठिकाणही कुणाला सांगू नये. ही विनंती नाही, आग्रह आहे.

*

कर्णा (ट्रोगन) या पक्ष्यासाठी मान वर करून उपयोग नाही. मलबारी कर्णा मधल्या उंचीवर, झाडोऱ्याच्या सावलीत, पाठ फिरवून ताठ बसतो. लालभडक पोट पुढच्या बाजूला, म्हणून पाठीवरून नजर घसरून जाते. हाक ऐकली की थांबा, पानांच्या मागं तपकिरी उभी रेघ शोधा. मादीचं पोट पिवळट तपकिरी असतं.

*

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १० बाय ४२ मध्ये हाताचा कंप जास्त जाणवतो आणि दाट रानात उजेड कमी पडतो : डोळ्याशी येणारं उजेडाचं वर्तुळ ४२ ला ८ नं भागलं तर सव्वापाच मिलिमीटर, १० नं भागलं तर ४.२. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र लख्ख करायचं. मग डावं झाकून उजव्या बाजूची कडी फिरवायची. पुढं फक्त मधलं चाक. ही कडी न लावल्यामुळंच बऱ्याच जणांचं डोकं दुखतं. एसी गाडीतून उतरल्याबरोबर भिंगांवर वाफ धरते. वाटेतच एसी बंद करून काचा खाली घ्या. घरी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर आमच्या पावसात भिंगाला बुरशी लागते.

*

मोबाईलवर पक्ष्याची हाक वाजवू नका. घुसखोर आला समजून नर घरटं सोडून धावतो.

*

गवा वाटेवर आला तर थांबा, त्याला जायला जागा द्या, मागं-मागं सरका. फुत्कार ऐकू आला म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आहात. वाटाड्याशिवाय पायी आत शिरू नये.

*

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर, जाणाऱ्यांनी मलबारी चंडोलाची शेंडी बघावी. पावलं दगडांवरच ठेवा. त्याचं घरटं जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी असतं.