शहर पाडणारा राक्षस होऊन खेळलात का? कोकणकरांनो, अनुभव लिहा

बहुतेक गेममध्ये आपण शहर वाचवतो. मला लहानपणापासून पाडणाऱ्याची बाजू हवी असायची. 1986 साली बॅली मिडवे कंपनीचा 'रॅम्पेज' आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आला. त्याच साली एपिक्सने 'द मूव्ही मॉन्स्टर गेम' काढला; त्यात जपानी चित्रपटांतला गॉडझिला किंवा दुसरा एखादा राक्षस निवडायचा आणि टोकियो, लंडन, पॅरिस, मॉस्को यांपैकी एक शहर तुडवायला निघायचं. तेव्हापासून असे खेळ येतच आहेत, पण मराठीत त्यांच्यावर मनापासून लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. नुसतं 'भारी गेम' नको. काय पाडलंत, हाताला काय जाणवलं, शेजारी कोण बसलं होतं, तेही येऊ द्या. गावाचं नाव टाका.

रत्नागिरी

आमच्याकडे 'रॅम्पेज' सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर होता. मूळ मशीनवर तिघं एकदम खेळू शकतात, आम्ही तिघं एकाच कीबोर्डला चिकटायचो. जॉर्ज वानर, लिझी पाल, राल्फ लांडगा. बरीच बटणं एकदम दाबली गेली की एखाद्याचं लागायचंच नाही आणि तो नेमका भिंतीवर लटकलेला असायचा! इमारतीवर चढायचं, ठोसे मारून भोकं पाडायची आणि ती कोसळायच्या आत उडी टाकायची. ती उडी हीच खरी कला. भिंत हलायला लागली की तिघंही एका सुरात 'उतर, उतर' ओरडायचो. शक्ती संपली की राक्षसाचा पुन्हा माणूस होतो आणि उघडाच, हाताने अंग झाकत, पडद्याबाहेर सरकतो. एवढा मोठा धिंगाणा घालणारा शेवटी कोणीतरी साधा माणूस होता, ही कल्पना मला अजून आवडते.

चिपळूण

पीएस2 वरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन 2 मशीनवरचा 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स', 2003 चा. तासावर पैसे घेणाऱ्या पार्लरमध्ये मित्रासमोर खेळायचो. गाड्या उचलून फेकायच्या, लोखंडी खांब उपटून भाल्यासारखे मारायचे, इमारतीवर चढून वरून झेप घ्यायची. शहर इथे निव्वळ देखावा नाही, ते हत्यारांचं कोठार आहे. दोघांच्या मारामारीत सगळं सपाट होत जातं आणि शेवटी लपायला भिंतसुद्धा उरत नाही. एवढा विचार करून बांधलेला दुसरा गेम या प्रकारात मला दिसलेला नाही.

गुहागरजवळचं एक गाव

माझा अनुभव 2015 च्या पीएस4 वरच्या 'गॉडझिला'चा. मुंबईचा आतेभाऊ शिमग्याला मशीन घेऊन आला होता. सगळे म्हणाले, हा गेम रटाळ आहे, राक्षस वळतच नाही. खरंच, कंट्रोलरवरची छोटी काठी नुसती फिरवून तो वळत नाही. खांद्यावरची बटणं, एल1 नाहीतर आर1, दाबून धरायची, तेव्हा सगळं धूड सावकाश फिरतं. सुरुवातीला तो 50 मीटरचा असतो, ऊर्जेची केंद्रं फोडत गेलं की आणखी वाढतो.

मला तो गेम पहिल्या मिनिटाला पटला. शिमग्यात पालखीच्या वेळी मी संकासुराचं सोंग घेतो. काळा पायघोळ वेष, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि तोंडावरच्या कापडाला डोळ्यांपुरती भोकं. आजूबाजूचं काही दिसत नाही. पोरं डावीकडून ओरडली की मानेने भागत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. तेवढ्या वेळात पोरं लांब पळालेली असतात, आणि त्यातच त्यांची मजा असते.

1954 च्या मूळ चित्रपटात गॉडझिलाच्या वेषात हारुओ नाकाजिमा होते. सुरुवातीचा वेष 100 किलोच्या आसपास होता, त्यात चार पावलं टाकली तरी दमछाक व्हायची. चाल कशी असावी म्हणून ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचे. त्या वेषाचं वजन या गेमने हातात दिलंय. झटकन वळणारा गॉडझिला मला नकोच आहे.

पेण

मला 'रॅम्पेज' सोसला नाही. त्यात खिडकीतली माणसं खाल्ली की शक्ती वाढते. घरं पाडायला माझी हरकत नव्हती, पण खिडकीत हात हलवणाऱ्या माणसाला उचलायला हात धजेना. हेही नोंदवून ठेवा.

श्रीवर्धन

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. सुपारीची वाडी आडवी झाली. वीज यायला कित्येक आठवडे लागले. ती आल्यावर धाकट्या भावाने लॅपटॉपवर पहिला गेम लावला तो इमारती पाडायचाच. मी ओरडणार होते, पण आई त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि 'आता कुठलं पाडतोस?' म्हणून विचारायला लागली. त्या दिवसांत ती इतकं कशातच बसली नव्हती.

मी मागून बघत होते. गेममध्ये इमारत सरळ खाली बसते, धूळ विरते, आणि पुढच्या पातळीवर नवं कोरं शहर उभं. पत्रे गोळा करणारं, पंचनाम्याला कागद घेऊन उभं राहणारं कोणी नाही. ज्या गेममध्ये मोडलेलं निदान खेळ संपेपर्यंत तरी मोडलेलं राहतं, तेच मला खरे वाटतात.

मालवण

आजी दशावतार बघत वाढली. मी फोनवर राक्षस खेळवत होतो, तर म्हणाली, "झिला, ह्याका एंट्री येना नाय." आमच्या नाटकात राक्षस आधी आरोळीने येतो, पखवाज तापलेला असतो, आणि मग तो दिसतो. मग मी तिला गॉडझिलाची मूळ डरकाळी ऐकवली. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून ती काढली होती. आजीने परत लावायला सांगितली. "ह्यो खरो," म्हणाली.

कुडाळ

मी स्वतः असा एक गेम बनवतोय. राक्षस समुद्रातून जेटीवर चढतो आणि गावात शिरतो. दोन गोष्टी शिकलो, त्या सांगतो. एक, घराचे तुकडे आधीच पाडून ठेवावे लागतात. फटका बसला की अखंड घर काढून त्या जागी तुकडे ठेवायचे, नाहीतर फोन गुदमरतो. दुसरं, राक्षस मोठा दिसायला त्याचा आकार वाढवून भागत नाही. कॅमेरा रस्त्यालगत खाली आणायचा आणि त्याच्या पायाशी ओळखीच्या वस्तू ठेवायच्या: होडी, विजेचा खांब, तुळशीवृंदावन. जपानी स्टुडिओंनी छोटी शहरं बांधून हेच साधलं.

अडलंय ते घरापाशी. परदेशी गेममध्ये काचेचे मनोरे फुटतात. मला जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं हवीत. छप्पर जाताना आधी काय सुटतं, कौलं की वासे? ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा.

श्रीवर्धन

आमच्याकडे आधी कौलं गेली, वाऱ्याच्या बाजूची, पागोळीच्या कडेपासून आणि कोन्यावरची. एकदम नाही, एकामागून एक. वासे बराच वेळ टिकले. वारा आत शिरल्यावर एक बाजू उचकटली. जांभ्याच्या भिंती शाबूत राहिल्या, फक्त माड पडला तिथली खचली. पडवीचे पत्रे मात्र सुरुवातीलाच गेले होते, ते आधी उडव.