म्युझियममधले जुने शार्कचे दात परत तपासून काय मिळतं?

गोदाकाठची ताई, नाशिक:
भाचा इथेच जिऑलॉजी शिकतोय, त्याला प्रोजेक्ट करायचाय म्युझियममधल्या जुन्या शार्क-माशांच्या जीवाश्मांवर. घरचे म्हणतायत, दीडशे वर्षांपूर्वी नावं देऊन झाली त्यात आता काय निघणार, त्यापेक्षा भूजलाचं काही घे, नोकरी तरी लागेल. मला त्याची बाजू घ्यायचीय पण मुद्दे नाहीत.

कातळवेडा:
ताई, भरपूर निघतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो बहुतेक कुजून जातो, उरतात दात. वरच्या जबड्यातले रुंद, खालचे निमुळते, त्यामुळे पूर्वी एकाच शार्कला दोन-दोन नावं पडलीयत, तो गुंता नमुने शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय सुटत नाही. मेगॅलोडॉन या नामशेष महाकाय शार्कचंच घ्या ना, बेल्जियममध्ये १८६०च्या दशकात सापडलेले एकाच प्राण्याचे १४१ मणके ब्रसेल्सच्या म्युझियममध्ये आहेत. त्यावरून २०२२ला थ्रीडी मॉडेल झालं, लांबी १६ मीटर, मग २०२४ला दुसरे म्हणाले अंग एवढं जाड नव्हतंच, आणि २०२५ला सगळ्यात मोठ्याचा अंदाज थेट २४ मीटरवर. मणके जुनेच!

सिन्नरकर:
हेलिकोप्रियन हा शार्कसारखा प्राचीन मासा पण सांगा त्याला. गोल गुंडाळलेलं दातांचं चक्र, १८९९ला नाव मिळालं, ते नाकावर का पाठीवर का शेपटीवर इथपर्यंत तर्क झाले. २०१३ला अमेरिकेत आयडाहोतल्या जुन्या नमुन्याचं सीटी स्कॅन केलं, दगड न फोडता, तेव्हा नक्की झालं की खालच्या जबड्यात होतं.

कातळवेडा:
आणि नाशकात बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, आहे म्हणून हिरमुसू नका. आपलीच गोदावरी खाली जाते तिथे प्राणहितेच्या खोऱ्यात कोटा नावाचे खडकांचे थर आहेत, त्यात ज्युरासिक मासे, लेपिडोटिस डेक्कनेन्सिस हे नाव तर १८५१चं. तिथलाच एक मासा आधी डॅपेडियस या वंशात टाकलेला, १९७३ला एस. एल. जैन यांनी त्याला पॅराडॅपेडियम हा वेगळा वंश दिला.

गोदाकाठची ताई:
भारी! तो विचारतोय, ड्रॉवर उघडल्यावर आधी बघायचं काय?

कातळवेडा:
आधी चिठ्ठी. गाव, थर, कोणी गोळा केलं, शाई पुसट असली तरी जशीच्या तशी उतरवून घ्यायची, फोटो काढायचा, कारण ठिकाण हरवलं की नमुन्याची निम्मी किंमत गेली. मग दाताच्या मुळाकडे बघ म्हणावं, चकचकीत भाग लोक घासून पुसून ठेवतात पण मुळाच्या खाचेत चिमूटभर दगड राहिलेला असतो, त्यात सूक्ष्म शिंपले मिळाले तर थराचं वय कळतं. तो ब्रशने अजिबात साफ करायचा नाही, क्युरेटरला विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. आणि जुनी डागडुजी तपासायची, प्लास्टर भरून वर रंग दिलेला असतो, तो भाग मोजमापात धरला तर सगळं चुकतं.