छोट्या गिटार अँपसाठी ६व्ही६ घेऊ की ईएल८४?

केळी_आणि_कॉर्ड्स (रावेर):
नमस्कार मंडळी, घरात वाजवायला छोटा ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) बनवतोय, एकच आउटपुट ट्यूब (स्पीकर चालवणारी), चार-पाच वॉट, पुढे एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणारी छोटी ट्यूब). भंगारातल्या जुन्या रेडिओचा पॉवर ट्रान्सफॉर्मर मिळालाय २५०-०-२५० व्होल्टचा, हीटरला (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट, आणि त्याचाच आउटपुट ट्रान्सफॉर्मर पण आहे. आता आउटपुट ट्यूब ६व्ही६ की ईएल८४ तेच ठरेना, एक म्हणतो ६व्ही६ चा गोडवाच वेगळा, दुसरा म्हणतो ईएल८४ सारखी धार कशालाच नाही. आणि जेजे कंपनीची घेऊ, रशियन घेऊ की जुनी बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ची शोधू? बाहेरून मागवलं की कस्टम ड्युटी बसते म्हणून एकदाच काय ते नीट घ्यायचंय.

रेडिओवाला_धुळे:
भाऊ गोडवा-बिडवा नंतर, आधी ट्रान्सफॉर्मर काय देतो ते बघा. २५० ला साधे डायोड लावले तर लोड नसताना ३५० डीसी येतात, आणि ईएल८४ ची प्लेटची (ट्यूबच्या आतल्या धन टोकाची) हद्द ३०० व्होल्ट. त्या रेडिओत इझेड८० रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) असेल तर तोच ठेवा, त्याच्यात व्होल्टेज पडतं आणि गाडी रुळावर राहते. हीटरचा हिशोब पण बसतो, ईएल८४ ला ०.७६ अँपिअर, १२एएक्स७ ला ०.३, इझेड८० ला ०.६, म्हणजे पावणेदोनच्या आत. रेडिओत आउटपुटला ईएल८४ च असेल तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पण तिच्याच हिशोबाचा, पाच-एक हजार ओहमचा. बेस कमी पडेल म्हणाल तर गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झची, हायफाय थोडाच करायचाय. जुने कंडेन्सर मात्र एकही परत वापरू नका.

तार_सहावी:
मी ६व्ही६ वाला. फेंडरच्या चँपमध्ये एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि ५वाय३ रेक्टिफायर, बस्स, इतकंच, आणि काय वाजतो. पण ५वाय३ ला ५ व्होल्टची वेगळी वाइंडिंग लागते, ती तुझ्याकडे नाही, सॉकेट पण ऑक्टल, म्हणजे आठ पिनी. तुझ्या सामानावर ईएल८४ च कर, हे मला आवडत नसलं तरी :)

भुसावळ_जंक्शन:
घरच्या विजेच्या लाइनचं कोणी बोललंच नाही भो! आपल्याकडे शेतीपंप चालू असले की व्होल्टेज बसतं आणि बंद झाले की २५० ला जातं. ट्रान्सफॉर्मर २३० चा असेल तर २५० ला हीटरवर ६.८ च्या वर जातात, २२० चा असेल तर ७.१, आणि हद्द साधारण दहा टक्के म्हणजे ६.९. दुसरं म्हणजे डेटाशीटमध्ये २५० व्होल्टला कॅथोड रेझिस्टर (ट्यूबचा करंट ठरवणारा) १३५ ओहम दिलाय, त्यावर ट्यूब बरोबर १२ वॉटवर चालते म्हणजे तिच्या कमाल मर्यादेवरच. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात बंद डब्यात कशाला एवढी ताणायची, १६०-१८० लावा, आवाजात फरक कळणार पण नाही. रेझिस्टरवर किती व्होल्ट येतात ते मोजा, भागिले ओहम, तोच करंट, सात-आठ व्होल्टला १८० म्हणजे चाळीसेक मिलिअँपिअर.

केळी_आणि_कॉर्ड्स:
वा, म्हणजे ईएल८४ पक्की. ब्रँडचं काय मग? आणि १२एएक्स७ च्या जागी दुसरं काही चालतं का, घरात जास्त कडक डिस्टॉर्शन नकोय.

रेडिओवाला_धुळे:
आउटपुटला नवी कुठलीही चालेल, जेजे स्लोव्हाकियाची, सोव्हटेक रशियाची, दोन्ही बऱ्या. बीईएल ची ईएल८४ जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे अजून सापडते, पण टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका, काचेच्या डोक्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा गेलीय, ती फुकटही घेऊ नका. खरा फरक पहिल्या ट्यूबला पडतो कारण पुढे सगळं तीच वाढवून पाठवते. चालू असताना पेन्सिलीने हळूच टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखं टण्ण वाजलं तर ती तिथे नको. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी हवा असेल तर ५७५१ ट्यूब लावा, १२एएक्स७ चं १०० तर हिचं ७०, पिना त्याच.

तार_सहावी:
आणि स्पीकर न जोडता चालू करू नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. हात घालायच्या आधी कंडेन्सर रिकामे झालेत का मीटर लावून बघ, बंद केल्यावर पण ३०० व्होल्ट बसलेले असतात.

केळी_आणि_कॉर्ड्स:
ओके दादा. इझेड८० चा नऊ पिनी सिरॅमिक सॉकेट जळगावात कुठे मिळेल कोणाला माहितेय का? गोलाणी मार्केटात विचारलं तर मोबाइलचं कव्हर दाखवतात.