तोरिक्कु ओआ तोरीतो : जपानी सण, गाणी आणि इंग्रजी

निशिकासाईकर

परवा या मंचावरच एकाने लिहिलं की जपानी मुलं हॅलोविन, ख्रिसमस, व्हॅलेंटाइन साजरे करत, गाणी म्हणत, हसतखेळत इंग्रजी शिकतात आणि आपण मात्र पोरांना व्याकरणाच्या घाण्याला जुंपतो. खाली "किती छान", "डोळे उघडले" वगैरे प्रतिसादांची रांग. उत्तर द्यायला बसलो तर ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढणं भाग पडलं.

तोक्योत बारा वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगीत दर ऑक्टोबरला लहान मुलांचं हॅलोविन असतं. कोणत्या दारांवर जायचं याची यादी आधीच ठरते आणि लिफ्टपाशी लागते. जपानच तो! एका वर्षी काळा झगा घातलेला पाचेक वर्षांचा मुलगा दारात उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "तोरिक्कु ओआ तोरीतो!" म्हणजे 'ट्रिक ऑर ट्रीट', खाऊ द्या नाहीतर खोडी काढतो. मला गंमत सुचली. मी म्हटलं, "ट्रिक!" पोरगं गडबडलं. मागे वळून आईकडे बघायला लागलं. आई कानात काहीतरी कुजबुजली, तेव्हा दोन्ही हात पुढे करून म्हणालं, "ओकाशी कुदासाई." म्हणजे खाऊ द्या.

हे तुमचं हसतखेळत इंग्रजी. आपण अर्थ न कळता मंत्रपुष्पांजली म्हणतो, त्यातलाच प्रकार. त्यात काताकानात, म्हणजे परके शब्द लिहायच्या जपानी लिपीत, एक 'न' सोडला तर पाय मोडलेलं अक्षर नाही. त्यामुळे ख्रिसमसचा कुरिसुमासु होतो आणि मॅकडोनाल्डचा माकुदोनारुदो. सण आले, केक आला, झगे आले. इंग्रजी विमानतळावरच राहिलं.

सायलीची_आई

पूर्ण असहमत. माझी मुलगी इथल्याच जपानी सरकारी शाळेत शिकली. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे आणि तिसरी-चौथीपासून तोंडओळख. त्यांच्या वर्गात परदेशी सहायक शिक्षक यायचा. तो भोपळे आणायचा, ख्रिसमसला गाणी म्हणून घ्यायचा. सायलीच्या वर्गात एक मुलगी होती, वर्षभर कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. भोपळ्याच्या तासाला तिने उठून विचारलं, "व्हॉट कलर डू यू लाइक?" अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आता म्हणा मंत्रपुष्पांजली.

तुम्ही पाच वर्षांच्या पोराची परीक्षा घेतलीत आणि तो नापास झाला म्हणून धागा काढलात. खाऊ तरी दिलात का त्याला?

निशिकासाईकर

दिला हो. दोन दिले. पण ती मुलगी बोलली ती शिक्षकामुळे, भोपळ्यामुळे नाही. असे तरुण परदेशातून आणायची सरकारी योजना १९८७ पासून चालू आहे. इतक्या वर्षांनंतरही माझ्या हपिसातली माणसं इंग्रजी फोन वाजला की एकमेकांकडे बघतात. तोएइक (TOEIC) ही इंग्रजीची परीक्षा जपान्यांच्याच मागणीवरून १९७९ मध्ये सुरू झाली. तिच्या नेहमीच्या पेपरात ऐकायचं आणि वाचायचं, बोलायचं नाहीच. गुण आठशे आणि तोंड बंद.

खवचट_काका

शब्द विमानतळावर राहिले नाहीत, आत येऊन नाव बदलून राहिले! मी नवीन असताना टीमचा जपानी साहेब पार्टीत म्हणाला, "आज फार तेन्शोन आहे!" मी रात्रभर काळजीत, म्हटलं प्रोजेक्ट गेलं. नंतर कळलं, त्यांच्याकडे तेन्शोन चढलं (तेन्शोन आगात्ता) म्हणजे माणूस खुशीत आला. आपल्याकडे टेन्शन आलं की गोळी घ्यावी लागते.

पुणेरी_सेन्सेई

काकांनी गमतीत मुद्द्यावर बोट ठेवलं. मी पुण्यात वीस वर्षं जपानी शिकवतो आणि दर बॅचला हेच सांगतो. परीक्षेत कॉपी करणं म्हणजे जपानीत कान्निंगु, मूळ शब्द 'कनिंग'. आपण तरी काय वेगळं करतो? 'कॉपी पकडली' हे लंडनच्या माणसाला कळेल का? फुकट मिळालं की ते साबिसु म्हणतात, आपला मुलगा 'सर्व्हिसला लागतो'. साध्या फ्लॅटला ते मान्शोन म्हणतात. हसू नका, मुंबईत जिना मोडकळीला आलेल्या किती इमारतींवर 'मॅन्शन' कोरलेलं आहे ते बघा. आणि आपण वडापाव खायला 'हॉटेलात' जातो, राहायला नाही.

बुफेला बाइकिंगु का म्हणतात? १९५८ मध्ये तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने स्कॅन्डिनेव्हियन पद्धतीचं हवं तितकं वाढून घ्यायचं जेवण सुरू केलं. वायकिंगांचा हॉलिवूडपट तेव्हा नुकताच आला होता, नाव चिकटलं. सिनेमातून भाषेत शब्द येतो तो असा. तो इंग्रजी नसतो, जपानी असतो. त्याला चुकीचं इंग्रजी म्हणणं हा अडाणीपणा आहे.

निशिकासाईकर

अडाणी कुणाला म्हणताय? मीही तेच म्हणतोय, की यातून इंग्रजी येत नाही! पुण्यात पंख्याखाली बसून जपानी समाजावर प्रवचन देणं सोपं आहे. इथे सोसायटीच्या मीटिंगला बसून दाखवा.

पुणेरी_सेन्सेई

तोक्योत घरभाडं भरलं की भाषाशास्त्र येतं हे माहीत नव्हतं. तुम्ही म्हणताय शब्द बिघडले. मी म्हणतोय शब्द घरचे झाले. फरक समजत नसेल तर माझ्या पहिल्या बॅचला बसा, फी माफ. साबिसु समजा.

गिरीचोको_पीडित

तुमचं भांडण चालू द्या, मला एक दुखणं सांगू द्या. व्हॅलेंटाइनला इथे बायका पुरुषांना चॉकलेट देतात. आवडत्या माणसाला दिलं तर होनमेई चोको आणि ऑफिसातल्या सगळ्यांना कर्तव्य म्हणून दिलं तर गिरी चोको. आमच्या आधीच्या ऑफिसात आम्ही चार बायका आणि एकोणीस पुरुष. वर्गणी काढून एकोणीस डबे. ज्या साहेबांनी वर्षभर माझं नाव 'पाटील'ऐवजी 'पातेरु' केलं, त्यांनाही रिबीन बांधून. परतफेड १४ मार्चला, व्हाइट डे म्हणून. मला मिळाला एक रुमाल, चौघींना सारखाच.

या सणातून मी एकही इंग्रजी शब्द शिकले नाही. 'गिरी' हा जपानी शब्द मात्र हाडात मुरला.

सायलीची_आई

पातेरु! अगं बाई.

पण धागाकर्त्यांना एक विचारते. १९४६ च्या फेब्रुवारीत, युद्ध संपून सहा महिने झालेले, शहरं जळलेली, तेव्हा हिराकावा तादाइची यांनी रेडिओवर इंग्रजी संभाषण शिकवायला घेतलं. रोज पंधरा मिनिटं. सुरुवातीचं गाणं इंग्रजीत आणि चाल जपानी पोरांच्या तोंडी असलेल्या तानुकीच्या (रॅकूनसारखा दिसणारा जपानी प्राणी) बडबडगीताची. ते देशभर गाजलं. याला तुम्ही पॉप संस्कृतीच म्हणणार ना? की रेडिओलाही खाऊ देऊन परत पाठवणार?

निशिकासाईकर

बरं बाई, हा मुद्दा दिला. पण बघा, चाल त्यांची स्वतःची होती आणि शिकवणारा माणूस रोज समोर होता. वर्षातून एकदा भोपळा आणून नव्हतं ते. तोक्योच्या शिबुया भागातलं हॅलोविन बघा, इतकी झुंबड व्हायची की २०२३ मध्ये तिथल्या महापौरांना सांगावं लागलं, कृपा करून येऊ नका. त्या गर्दीतून किती जण 'प्लीज डोन्ट कम' शिकले असतील?

सेन्सेईंचं 'घरचे झाले' मान्य, अर्धं. अडाणी परत घ्या, मग उरलेलं अर्धं बघू.

पुणेरी_सेन्सेई

अडाणी परत. घाईत लिहिलं असं म्हणू. पंखा मात्र खरा आहे, लाइट गेले आहेत.

शाकाहारी_समुराई

एवढा ख्रिसमस चालला आहे आणि कुणी केएफसीचं नाव काढलं नाही? १९७४ पासून जाहिरात करून करून त्यांनी नाताळ म्हणजे तळलेली कोंबडी हे समीकरणच करून टाकलं. २४ तारखेला शेजारच्या ताईंनी प्रेमाने डबा आणून दिला. मी म्हटलं, मांस चालत नाही. त्या म्हणाल्या, "हे मांस नाही, चिकन आहे." आता हा इंग्रजीचा प्रश्न की जपानीचा ते तुम्ही ठरवा. मी त्या रात्री स्ट्रॉबेरीचा केक आणि लोणचं खाल्लं.

खवचट_काका

केक-लोणचं! तेन्शोन आगात्ता!

निशिकासाईकर

काका, तुमच्यामुळे मला आपलं मराठी टेन्शन आलंय. समुराई, पुढच्या २४ ला आमच्याकडे या, पत्ता खाजगी निरोपात पाठवतो. बाइकिंगु वगैरे नाही, पिठलं-भात आहे. पातेरुताईंनाही सांगा, चॉकलेट न आणता यायचं.