तिळासाठी एमआरआय? आधी कातडी किती जाड ते तर बघा

कॉइलवाला
एक पोस्ट कालपासून तीनदा माझ्याकडे आली. म्हणे, "तीळ बदलला तर सुरी लावू देऊ नका, सरळ एमआरआय करा. रेडिएशन नाही, टाके नाहीत, कॅन्सर आहे की नाही ते स्पष्ट दिसतं." बारा वर्षं हेच मशीन चालवतोय, गप्प बसवेना.

बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी ०.१ मिमीच्या आसपास. नेहमीच्या स्कॅनमध्ये चित्रातला एक ठिपका अर्धा ते एक मिमीचा आणि स्लाइस, म्हणजे एकेका चित्रात येणारा शरीराचा काप, तीनेक मिमी जाड. म्हणजे अख्खी बाह्यत्वचा एका ठिपक्यात बुडाली! मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, सुरू होतो तो तिथेच, आणि त्याची जाडी ०.८ मिमीच्या अलीकडे आहे की पलीकडे यावर पुढचं सगळं ठरतं. पेशी बिघडल्यात का, हे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. तिळासाठी डर्मोस्कोप असतो, त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, खिशात मावतो.

निरभ्र
ती पोस्ट मीही पुढे पाठवली आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) साध्या मशीनवर त्वचेचे थर वेगळे दाखवणारी चित्रं १९९० मध्येच छापून आलीत. शिवाय मेलानिन, म्हणजे तिळाचा काळा रंग, टी-वन नावाच्या एमआरआय चित्रात पांढरं चमकतं. "दिसतच नाही" हे कुठल्या हिशोबाने? आणि बायोप्सी म्हणजे काही गुदगुल्या नव्हेत. बाबांची जखम दीड महिना वाहत होती, पट्ट्या मी बदलल्यात.

कॉइलवाला
ती चित्रं त्वचेसाठी मुद्दाम बनवलेल्या छोट्या कॉइलने, म्हणजे अंगाला लावायच्या अँटेनासारख्या भागाने, काढली होती. तशी कॉइल तुमच्या स्कॅन सेंटरात विचारून बघा, तोंडाकडे बघत राहतील. टी-वनवर चरबीही चमकते, जुनं साकळलेलं रक्तही. आणि ज्या मेलानोमात मेलानिनच नाही तो कशाने चमकणार? जखमेचं वाईट वाटलं. पण तो राग मशीनच्या बाजूने मत म्हणून धरता येत नाही.

नखदुखी
कॉइलवाले, तुमचा सूर असा की त्वचेच्या वाटेला एमआरआयने जाऊच नये. माझं ऐका. अनामिकेच्या नखाखाली दोन वर्षं ठणका. नळाचं गार पाणी लागलं की डोळ्यांसमोर काजवे. एक्स-रे नॉर्मल. एकाने संधिवात म्हटलं, एकाने "मनाचे खेळ". शेवटी एका सर्जनने टाचणीचं डोकं नखावर टेकवत टेकवत आणलं आणि एका ठिकाणी मी किंचाळले. मग छोटी कॉइल लावून एमआरआय: चार मिमीचा ग्लोमस ट्यूमर, म्हणजे नखाखालची साधी पण फार दुखणारी गाठ, दिव्यासारखा लख्ख. काढला, संपलं. ती दोन वर्षं कोण परत देणार?

कॉइलवाला
हे मान्य, ताई. नखाखालची गाठ, खोल गेलेला गळू, गुदद्वाराजवळचं भगेंद्र: तिथे एमआरआयला तोड नाही. गाठ कातडीखाली असली की आम्ही शेजारी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतो, चित्रात जागा सापडावी म्हणून. माझं भांडण फक्त तिळाशी.

गोंदणवेडी
अवांतर, पण विषय निघालाच आहे तर. गुडघ्याच्या एमआरआयला गेले तर दंडावरचा टॅटू बघून परत पाठवलं. "शाईत लोखंड असतं, भाजेल." लंडनच्या एका अभ्यासात ३३० जण, ९३२ टॅटू, त्रास फक्त एकाला आणि तोही किरकोळ. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालंय. तुमच्या लोकांना वाचायची ॲलर्जी आहे का?

कॉइलवाला
"तुमच्या लोकांना" म्हणजे? भाजलं तर तुम्ही फोन कुणाला करणार, अभ्यासकांना?

गोंदणवेडी
बघा, लागलं! मी तीन आठवडे लंगडत होते.

पॅचपीडित
टॅटू राहू द्या, औषधाच्या पॅचबद्दल कुणीच विचारत नाही. काही पॅचच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. आईला वेदनाशामक पॅच लावलेला, फॉर्मवर रकानाच नव्हता. बाहेर आली तेव्हा खांद्यावर पॅचच्या मापाचा लालभडक चौकोन. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) याबद्दल २००९ मध्येच बजावलंय. आणि हो, "दुष्परिणाम नाहीत" म्हणणाऱ्यांनी गॅडोलिनियमही आठवावं, चित्र उठून दिसावं म्हणून एमआरआयआधी टोचतात ते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काहींची कातडी लाकडासारखी कडक झाली, जुन्या प्रकारच्या औषधांनी. हा संबंध २००६ मध्ये कळला. कातडी तपासायला गेलो आणि कातडीच गेली!

कॉइलवाला
पॅचचं शंभर टक्के खरं, तो आम्हीच विचारायला हवा. टॅटूवाल्यांनाही बहुतेक वेळा आत घेता येतं, फक्त गरम लागलं तर लगेच आम्हाला बोलवायला हातात दिलेला फुगा दाबायचा. झालं समाधान?

गोंदणवेडी
"बहुतेक वेळा" म्हणे. केवढे उपकार!

निरभ्र
बरं, पोस्टमधून "तीळ" काढतो आणि "गाठ" लिहितो. खूश?

कॉइलवाला
"स्पष्ट दिसतं" पण काढा. आणि "सुरी लावू देऊ नका" आधी काढा.

निरभ्र
मग उरलं काय?

नखदुखी
टाचणी.